दिवाणी अपिलात नोटीस बजावायला वाढीव मुदत कशी मागायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अपील दाखल झालं, स्थगितीही मिळाली, आता निकालाचीच वाट बघायची, असं अपिलार्थीला वाटतं. मग दर तारखेला रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, एकच ओळ दिसते: उत्तरवादी (अपिलातला समोरचा पक्ष) क्रमांक अमुक यांची नोटीस बजावणी नाही. भाऊबंदकीच्या वाटपाच्या अपिलात आठ-दहा उत्तरवादी असतात, त्यांतला एक पुण्यात, एक सुरतेत, एकीचा पत्ता माहेरचा. कित्येक अपिलांची सुरुवातीची वर्षं यातच जातात, आणि काही अपिलं कोर्टाने गुणदोषांकडे पाहण्याआधीच खारीज होतात. पक्षकार आणि नवे वकील जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ महाराष्ट्रात आणि गोव्यात लागू आहे; जिल्हा न्यायालय आणि उच्च न्यायालय यांच्या कामाच्या पद्धतीत जिथे फरक पडतो, तिथे तसं सांगितलं आहे.

नोटीस तर कोर्ट काढतं. मग ती बजावण्याची जबाबदारी माझी कशी?

नोटीस कोर्टाच्या नावाने, कोर्टाच्या शिक्क्याने निघते आणि नेऊन देतो बेलिफ, हे खरं. पण त्यासाठी लागणारं सगळं अपिलार्थीने द्यायचं असतं: प्रोसेस फी, प्रत्येक उत्तरवादीसाठी अपील मेमोची (दाखल केलेल्या अपील अर्जाची) प्रत, पूर्ण पत्ता, टपालाची पाकिटं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१ नियम १४ प्रमाणे (इथे "आदेश" म्हणजे संहितेतलं प्रकरण) उत्तरवादीला द्यायच्या नोटिशीसोबत अपील मेमोची प्रत असावीच लागते, आणि बजावणीची रीत दाव्यातल्या समन्सचीच, म्हणजे आदेश ५ मधली. प्रती कमी पडल्या की नोटीस टेबलावरच राहते, आणि हे तुम्हाला कोणी फोन करून कळवत नाही. तारखेच्या आठ दिवस आधी नाझर कार्यालयात (बेलिफांचं काम पाहणाऱ्या कोर्टाच्या कार्यालयात) जाऊन नोटीस निघाली का, बेलिफकडे गेली का, हे विचारणं तुमच्याच हिताचं आहे.

मग "मुदत" नेमकी कशाची? कायद्यात किती दिवस दिले आहेत?

इथे लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी येतात.

पहिली, प्रोसेस फी आणि प्रती भरायची मुदत. ती कोर्ट आपल्या आदेशात ठरवून देतं.

दुसरी, नोटीस बिनबजावणी परत आल्यावर नव्याने नोटीस काढून मागायची मुदत. दाव्याच्या बाबतीत आदेश ९ नियम ५ सांगतो की समन्स परत आल्याचा अहवाल कोर्टात आल्यापासून सात दिवसांत नवं समन्स मागितलं नाही, तर त्या प्रतिवादीपुरता दावा खारीज होऊ शकतो. त्याच नियमात सुटकाही आहे: पत्ता शोधायचा पुरेपूर प्रयत्न केला, समोरचा बजावणी टाळतो आहे, किंवा मुदत वाढवायला दुसरं पुरेसं कारण आहे, हे दाखवलं तर कोर्ट मुदत वाढवतं. कलम १०७ मुळे अपील न्यायालयाला मूळ न्यायालयाचे अधिकार असल्याने अपिलातही कोर्टं याच धोरणाने चालतात. म्हणून "सात दिवस" हे डोक्यात पक्कं ठेवा.

तिसरी, सशर्त आदेशाची मुदत. उच्च न्यायालयात ही नेहमी दिसते: अमुक आठवड्यांत उत्तरवादी क्रमांक ३ च्या बजावणीसाठी पावलं उचलली नाहीत, तर त्याच्यापुरतं अपील पुढे कोर्टासमोर न ठेवता खारीज समजलं जाईल. या आदेशात पुढची तारीख नसते. दिवस भरले की खारीज, आणि पक्षकाराला ते कळतं सहा महिन्यांनी, दरखास्तीची, म्हणजे खालच्या निकालाच्या अंमलबजावणीची, नोटीस हातात पडल्यावर. तिघींपैकी खरी धोक्याची हीच.

कलम १४८ मध्ये कमाल तीस दिवसच वाढवून मिळतात, असं वकील म्हणाले. खरं आहे का?

कलमाचे शब्द तसेच आहेत. १९९९ च्या दुरुस्तीने, जी १ जुलै २००२ पासून लागू झाली, मुदतवाढीवर एकूण तीस दिवसांची मर्यादा घातली. पण सालेम अॅडव्होकेट बार असोसिएशनच्या २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पक्षकाराच्या हाताबाहेरच्या कारणामुळे तीस दिवसांत काम होऊच शकलं नाही, तर कलम १५१ खालच्या अंगभूत अधिकारात कोर्ट त्यापुढेही मुदत देऊ शकतं.

म्हणून अर्ज तीस दिवसांपुढचा असेल तर त्यावर कलम १४८ सोबत कलम १५१ ही लिहा, आणि "हाताबाहेरचं कारण" काय होतं ते तारखेनिशी मांडा. नुसतं "न्यायहितार्थ मुदत मिळावी" या शब्दांवर तीस दिवसांपुढची मुदत मागणं फार कमकुवत ठरतं.

मुदत संपून गेली. आता अर्ज करण्यात अर्थ आहे का?

आहे. मूळ मुदत संपली असली तरी ती वाढवता येते, हे कलम १४८ मध्येच लिहिलेलं आहे. महंत रामदास विरुद्ध गंगादास या १९६१ च्या निकालात प्रश्न कोर्ट फीचा होता. ठरलेल्या वेळेत फी भरली नाही तर अपील खारीज, असा आदेश झाला होता. मुदतवाढीचा अर्ज वेळेत पडला, पण तो कोर्टासमोर आला मुदत संपल्यावर, आणि उच्च न्यायालयाने आपले हात बांधलेले आहेत असं मानलं. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही. असे सक्तीचे आदेश चालढकल करणाऱ्या पक्षकाराला ताळ्यावर आणण्यासाठी असतात. मधे घडलेल्या गोष्टी विचारात घ्यायचा कोर्टाचा अधिकार त्यांनी संपत नाही, असं त्या निकालाचं सार आहे.

तरीही एक फरक लक्षात ठेवा. मुदत संपायच्या आदल्या दिवशी दिलेला चार ओळींचा अर्ज आणि संपल्यानंतर दिलेला चार पानांचा अर्ज यांत माझ्या मते पहिलाच भारी पडतो. पहिल्यात फक्त पुढचं सांगायचं असतं, दुसऱ्यात मागचा प्रत्येक दिवस समजावून द्यावा लागतो.

शेवटचा दिवस सुट्टीत येत असेल, दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या, तर कोर्ट उघडेल त्या पहिल्या दिवशी काम केलेलं साधारणपणे वेळेत धरलं जातं. तेवढ्यावर विसंबून मात्र राहू नका. ई-फाइलिंगची सोय असेल तिथे सुट्टीआधीच अर्ज टाकून ठेवा.

अर्जात काय लिहायचं?

कोर्टाला तीन गोष्टी कळायला हव्यात: आजवर काय केलं, ते का जमलं नाही, आणि आता वेगळं काय करणार. बहुतेक अर्जांत यांतली तिसरी गोष्ट नसते. जुन्याच पत्त्यावर तीच नोटीस पुन्हा काढायला कोर्टाने वेळ का द्यावा, याला अशा अर्जात उत्तर नसतं.

जिल्हा न्यायालयात चालेल असा एक साचा:

*मा. जिल्हा न्यायाधीश, ______ यांचे न्यायालयात*
*नियमित दिवाणी अपील क्र. ____ / ____*
*अपिलार्थी: ______ विरुद्ध उत्तरवादी: ______ व इतर*

*विषय: उत्तरवादी क्र. ३ यांच्यावर नोटीस बजावणीसाठी मुदत मिळणेबाबत अर्ज, दिवाणी प्रक्रिया संहिता कलम १४८ व १५१ अन्वये.*

*१. मे. न्यायालयाने दिनांक ____ रोजी नोटीस काढण्याचा आदेश केला. अपिलार्थीने दिनांक ____ रोजी प्रोसेस फी व प्रती दाखल केल्या.*
*२. उत्तरवादी क्र. १, २ व ४ यांना नोटीस बजावली असून अहवाल निशाणी ____ ला आहेत.*
*३. उत्तरवादी क्र. ३ यांची नोटीस "सदर पत्त्यावर राहत नाहीत" या शेऱ्यासह दिनांक ____ रोजी परत आली.*
*४. अपिलार्थीने चौकशी केली असता उत्तरवादी क्र. ३ हे सध्या ______ येथे राहत असल्याचे समजले. त्याबाबतचा कागद सोबत जोडला आहे.*
*५. सबब नवीन पत्त्यावर बेलिफमार्फत, टपालाने व हमदस्त अशी नोटीस काढण्याची परवानगी द्यावी, त्यासाठी ____ आठवड्यांची मुदत द्यावी, व दिनांक ____ चा अंतरिम आदेश पुढील तारखेपर्यंत कायम ठेवावा.*

सोबत शपथपत्र जोडा. बजावणी झालेल्या उत्तरवादींचे क्रमांक लिहायला विसरू नका. नऊपैकी आठ जणांची बजावणी झाली आहे हे दिसलं की कोर्टाचा कल बदलतो. आणि वेळ मागताना खरी गरज सांगा. पंधरा दिवस मागून तीनदा येण्यापेक्षा सहा आठवडे मागून एकदाच काम संपवलेलं बरं.

कोणती कारणं कोर्ट मानतं?

समोरचा गाव सोडून गेला, घरचे पत्ता देत नाहीत, पूर आला आणि रस्ता बंद होता, नोटीस दुसऱ्या जिल्ह्याच्या कोर्टाकडे पाठवली आणि तिकडून अहवालच आला नाही, बेलिफची जागा रिकामी आहे, ही कारणं कागद असेल तर चालतात. दुसऱ्या जिल्ह्याच्या अहवालासाठी स्मरणपत्र पाठवायची विनंती स्वतंत्र अर्जाने करा आणि तो अर्ज रेकॉर्डवर राहू द्या.

"वकील दुसऱ्या कोर्टात होते", "पक्षकाराने सूचना दिल्या नाहीत" ही कारणं एकदा चालतील. दुसऱ्यांदा खर्च बसेल, तो बहुधा विधी सेवा प्राधिकरणात भरायचा असेल. असा खर्च बसला तर आधी तो भरा आणि पावती दाखल करा. खर्च भरण्याच्या अटीवर दिलेली मुदत खर्च न भरल्याने हातची जाते.

बेलिफचा शेरा कसा वाचायचा?

अहवालाची नक्कल काढून शब्द न् शब्द वाचा. पुढचं पाऊल शेऱ्यावरून ठरतं, आणि वेळ मागायची गरज आहे की नाही हेही त्यावरूनच कळतं.

"घेण्यास नकार" असा शेरा असेल तर तुम्हाला मुदत मागायचीच नाही. आदेश ५ नियम १७ प्रमाणे बेलिफने दाराला प्रत चिकटवली का, घर कोणी दाखवलं आणि कोणासमक्ष चिकटवलं हे लिहिलं का, ते पाहा. मग नियम १९ खाली बजावणी पुरेशी झाल्याचं जाहीर करायला कोर्टाला सांगा. बेलिफचं शपथपत्र नसेल तर कोर्ट त्याला शपथेवर विचारू शकतं. टपाल घेण्यास नकार असा पोस्टमनचा शेरा आला तरी नियम ९ खाली कोर्ट बजावणी झाल्याचं जाहीर करतं. पत्ता बरोबर, टपालखर्च भरलेला, आणि पोहोचपावती हरवली किंवा नोटीस काढल्यापासून तीस दिवसांत आली नाही, तरी तसंच. असं जाहीर करून घेण्याऐवजी वकील सवयीने पुन्हा नोटीस मागतात आणि एक तारीख फुकट जाते.

"घर बंद" म्हणजे बजावणी नाही. बेलिफ किती वेळा गेला, कोणत्या वेळी गेला, ते बघा. शेतावर जाणाऱ्या माणसाचं घर दुपारी बंदच असणार. पहाटे किंवा संध्याकाळी जायची विनंती अर्जात लिहिता येते. आता बऱ्याच ठिकाणी बेलिफ मोबाइलवरच्या एन-स्टेप प्रणालीवर नोंद करतात, त्यामुळे तो खरोखर कुठे गेला होता हे तपासायची सोय झाली आहे.

"घरातील इसमास दिली" असेल तर तो इसम कोण ते बघा. उत्तरवादी घरी नाही, लवकर सापडेल असं वाटत नाही आणि नोटीस घ्यायला नेमलेला कोणी नाही, अशा वेळी घरात सोबत राहणाऱ्या प्रौढ कुटुंबीयाला दिलेली नोटीस चालते, मग ती स्त्री असो की पुरुष. नोकराला दिलेली चालत नाही. नियम १५ च्या स्पष्टीकरणात नोकर कुटुंबीय नाही असं स्वच्छ लिहिलं आहे.

"पत्ता अपूर्ण" हा शेरा अपिलार्थीच्या माथी. गट नंबर, वस्तीचं नाव, जवळची खूण, पिन कोड देऊन दुरुस्त पत्ता दाखल करा. आणि "मयत" असेल तर पुढचा प्रश्न वाचल्याशिवाय काहीही दाखल करू नका.

शेरा "मयत" असा आला. मुदत वाढवून मागू का?

नाही. मयत माणसावर नोटीस बजावायला मुदत मिळत नसते, आणि ती मागण्यात घालवलेला प्रत्येक आठवडा तुमच्या विरुद्ध मोजला जातो.

अपील चालू असताना उत्तरवादी वारला, तर त्याचे वारस रेकॉर्डवर आणायचा अर्ज मृत्यूच्या तारखेपासून ९० दिवसांत द्यावा लागतो. मुदत कायद्याचा अनुच्छेद १२० मृत्यूची तारीख धरतो, तुम्हाला कधी कळलं ती नाही. ९० दिवस उलटले की त्या उत्तरवादीपुरतं अपील आपोआप रद्दबातल होतं. कोर्टाने तसा आदेश करावा लागत नाही. त्यानंतर ते रद्दबातल झालेलं अपील पुन्हा उभं करायचा अर्ज ६० दिवसांत, अनुच्छेद १२१ खाली. तेही दिवस गेले असतील तर सोबत त्याच कायद्याच्या कलम ५ खाली विलंबमाफी. म्हणजे उशीर झाला तर तीन मागण्या एकत्र करायच्या: रद्दबातल झाल्याचा परिणाम दूर करा, विलंब माफ करा, वारसांची नावं लावा.

मृत्यूची माहितीच नव्हती ही तुमची खरी बाजू असेल तर ती ठासून मांडा. आदेश २२ नियम ४ च्या पोटनियम ५ मध्ये लिहिलं आहे की अशा अज्ञानाचा विचार कोर्टाने करायचा आहे. आणि त्याच आदेशाच्या नियम १० अ प्रमाणे आपला पक्षकार वारल्याचं कळताच कोर्टाला सांगणं हे समोरच्या वकिलाचं कर्तव्य आहे. ते त्यांनी केलं नसेल तर तेही अर्जात लिहा. बेलिफचा शेरा मात्र निर्णायक ठरतो. "मयत" असा अहवाल कोर्टात आल्यानंतर "आम्हाला माहीत नव्हतं" असं म्हणता येत नाही.

हे इतक्या विस्ताराने सांगायचं कारण वाटपाचे दावे. हुकूमनामा (डिक्री) सगळ्यांच्या हिश्शांचा मिळून एकच आणि अविभाज्य असेल, तर एका उत्तरवादीपुरतं रद्दबातल झालेलं अपील सगळ्यांविरुद्ध कोसळू शकतं. पंजाब राज्य विरुद्ध नथूराम या १९६२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याची कसोटी सांगितली: उरलेल्यांविरुद्ध अपील मान्य केलं तर एकाच प्रश्नावर परस्परविरोधी दोन हुकूमनामे उभे राहतील का? राहणार असतील तर अपील पुढे चालत नाही. चुलत्याच्या वारसांची नावं वेळेत लावली नाहीत म्हणून अख्ख्या घराचा हिस्सा जातो, तो असा.

उत्तरवादी अपील दाखल व्हायच्या आधीच वारला असेल तर हा वारस नोंदीचा मार्ग लागू नाही. तेव्हा वारसांना पक्षकार करून अपील मेमो दुरुस्त करायचा अर्ज आणि त्यांच्यापुरती विलंबमाफी मागावी लागते. म्हणून मृत्यूचा दाखला सगळ्यात आधी मिळवा आणि तारीख बघा.

दाव्यातला पत्ता वापरून बघितला, तिथे तो राहत नाही. आता?

खालच्या कोर्टात त्याने स्वतः दिलेला पत्ता शोधा. आदेश ६ नियम १४ अ प्रमाणे पक्षकाराने आपल्या कैफियतीसोबत (लेखी म्हणण्यासोबत) दिलेला नोंदणीकृत पत्ता हा दाव्यातल्याच नव्हे, तर त्यातून निघालेल्या अपिलातल्या नोटिशींसाठीही त्याचा पत्ता मानला जातो, आणि अंतिम निकालानंतर दोन वर्षांपर्यंत तो धरला जातो. पत्ता बदलला तर कळवायची जबाबदारी त्याची. कैफियतीची नक्कल काढली तर हा कागद हाताशी येतो. त्याच्या जोरावर "या पत्त्यावर केलेली बजावणी पुरेशी समजावी" अशी मागणी करता येते, आणि मग मुदतवाढीच्या अर्जाला वेगळंच वजन येतं. फार थोडे लोक हा नियम वापरतात, याचं मला वाईट वाटतं.

सातबारा, मिळकत पत्रिका, मतदार यादी, ग्रामपंचायतीचा दाखला यांवरूनही पत्ता निघतो.

खालच्या कोर्टातल्या वकिलाला नोटीस देऊन काम भागेल, असं गृहीत धरू नका. आदेश ४१ नियम १४ मध्ये उल्लेख आहे तो उत्तरवादीच्या अपील न्यायालयातल्या वकिलाचा. तसं करायचंच असेल तर कोर्टाची स्पष्ट परवानगी घ्या.

हमदस्त म्हणजे काय? त्याने वेळ वाचतो का?

कोर्टाची सही-शिक्क्याची नोटीस अपिलार्थीने स्वतः नेऊन द्यायची, ती हमदस्त. आदेश ५ नियम ९ अ खाली परवानगी मिळते. वेळ नक्की वाचतो, पण सही घ्यायला विसरू नका, आणि समोरच्याने सही नाकारली तर तिथे वाद घालू नका. नकार मिळाला तर तुमच्या अर्जावर कोर्ट ती नोटीस पुन्हा आपल्यामार्फत काढतं. भांडण असलेल्या घरी एकट्याने जाऊ नका; दोन त्रयस्थ माणसं सोबत असली तर शपथपत्रालाही बळ येतं. उच्च न्यायालयात वकिलामार्फत खासगी नोटीस पाठवायची मुभा मिळते, तिथे बजावणीचं शपथपत्र पोहोचपावतीसह दाखल करावं लागतं.

रजिस्टर पोस्ट बंद झालं म्हणतात. मग नोटीस कशी पाठवायची?

२०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर पोस्टाची सेवा स्पीड पोस्टात विलीन केली. आदेश ५ नियम ९ मध्ये स्पीड पोस्ट आधीपासूनच आहे, त्यामुळे कायदेशीर अडचण नाही. पोहोचीचा पुरावा मिळेल अशीच सेवा घ्या, आणि ट्रॅकिंगचा उतारा लगेच छापून ठेवा. काही काळाने तो संकेतस्थळावर दिसत नाही. खासगी कुरिअर वापरायचं असेल तर न्यायालयाने मान्य केलेल्या यादीतलंच.

व्हॉट्सअॅपवर पाठवली तर चालते?

एकट्या व्हॉट्सअॅपवर विसंबू नका. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका दरखास्तीत व्हॉट्सअॅपवर पाठवलेली नोटीस पोहोचली आणि उघडून वाचली गेली हे खुणांवरून दिसतं, म्हणून ती बजावणी मान्य केली होती. कोविडच्या काळात, जुलै २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयानेही ईमेल आणि मेसेजिंगद्वारे बजावणीला मुभा दिली. पण ते आदेश त्या त्या परिस्थितीतले होते. कोर्टाची आधी परवानगी घ्या, नंबर त्याचाच आहे हे दाखवणारा कागद ठेवा, आणि ही रीत बेलिफ व टपालाच्या जोडीला वापरा.

पेपरात जाहीर नोटीस कधी मागायची?

उत्तरवादी बजावणी टाळण्यासाठी लपतो आहे, किंवा नेहमीच्या मार्गाने बजावणी होऊच शकत नाही, अशी कोर्टाची खात्री पटली की आदेश ५ नियम २० खाली पर्यायी बजावणी मिळते. पहिलीच नोटीस परत आली आणि जाहीर नोटिशीचा अर्ज दिला, तर तो बहुधा फेटाळला जातो.

वर्तमानपत्र निवडताना लोक स्वस्त दर बघतात. नियम सांगतो की तो माणूस शेवटचा जिथे राहत होता किंवा व्यवसाय करत होता, त्या भागात खपणारं दैनिक हवं. सुरतेत राहणाऱ्यासाठी सोलापूरच्या दैनिकात छापलेली नोटीस उद्या आक्षेपाला जागा देते.

अशी बजावणी प्रत्यक्ष बजावणीइतकीच परिणामकारक मानली जाते. पण अपील एकतर्फी निकाली निघालं आणि उत्तरवादीने फेरसुनावणी मागितली, तर मुदत कायद्याच्या अनुच्छेद १२३ खाली त्याचे तीस दिवस मोजताना पर्यायी बजावणी ही रीतसर बजावणी धरली जात नाही; त्याला निकाल कळल्यापासून दिवस मिळतात. म्हणून प्रत्यक्ष बजावणी शक्य असेल तोवर तीच करा.

उत्तरवादी परदेशात आहे.

तेव्हा चार आठवडे मागण्यात अर्थ नाही. भारत हेग बजावणी करारात आहे. भारतापुरता तो १ ऑगस्ट २००७ पासून अमलात आहे. अमेरिका, ब्रिटन इथे नोटीस पाठवायची तर ती कोर्टामार्फत केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयाकडे आणि तिथून त्या देशाच्या प्राधिकरणाकडे जाते. यात महिने जातात. अर्जात हा मार्ग सांगून लांबची तारीख मागा. जर्मनीसारख्या देशात जर्मन भाषांतराची अट आडवी येते, तो वेळही धरा. दुबईसाठी संयुक्त अरब अमिरातीशी भारताचा स्वतंत्र करार आहे.

आधी एक साधी चौकशी करा: त्या भावाने किंवा बहिणीने इथल्या कोणाला मुखत्यारपत्र दिलं आहे का? नोटीस स्वीकारायचा अधिकार त्यात असेल, तर त्या मुखत्यारावर बजावणी करता येते आणि वर्ष वाचतं.

खालच्या कोर्टात जो हजरच झाला नाही, त्यालाही शोधत बसायचं?

आदेश ४१ नियम १४ चा पोटनियम ४ इथे उपयोगी आहे. जो खालच्या कोर्टात हजर होऊन पत्ता दाखल करून गेला नाही आणि अपिलातही आला नाही, त्याला अपिलातल्या आनुषंगिक कामकाजाची, म्हणजे मधल्या अर्जांची, नोटीस द्यायची गरज नाही. अपिलात पहिल्यांदाच पक्षकार केलेल्याला ही सूट लागू होत नाही. मूळ अपिलाच्या नोटिशीबाबत मात्र स्वतःच अर्थ लावून थांबू नका, आदेश मागून घ्या.

नाव कमी करायचा सोपा मार्ग कोणी सुचवला, तर वाटपाच्या अपिलात दहादा विचार करा. वर नथूरामचा निकाल सांगितला, तोच धोका इथे आहे.

बजावणी होईपर्यंत माझी स्थगिती चालू राहते ना?

आदेशाचे शब्द वाचा. "पुढील तारखेपर्यंत" असेल तर त्या तारखेला ती वाढवून घ्यावीच लागते. नुसतं अपील दाखल झाल्याने दरखास्त थांबत नाही, हे आदेश ४१ नियम ५ मध्ये स्पष्ट आहे. बजावणीला मुदत मिळाली पण अंतरिम आदेश वाढवल्याचं रोजनाम्यात आलं नाही, आणि मधल्या काळात बेलिफ ताबा घ्यायला दारात आला, असं घडतं. दोन्ही मागण्या एकाच अर्जात करा आणि दोन्हींवर आदेश झाला का, ते त्याच दिवशी तपासा.

अपीलच उशिरा दाखल केलं असेल तर परिस्थिती अधिक कठीण. नियम ३ अ प्रमाणे आधी विलंबमाफीच्या अर्जाची नोटीस बजावली जाते, आणि अपील ऐकायचं असं नियम ११ खाली ठरेपर्यंत कोर्ट हुकूमनाम्याला स्थगिती देत नाही. इथे बजावणीला घेतलेली प्रत्येक मुदत तुमच्याच अंगावर येते.

बजावणी न केल्यामुळे अपील खारीज झालं. आता काय?

तीस दिवस मोजायला लागा, खारीज झाल्याच्या तारखेपासून. मुदत कायद्याचा अनुच्छेद १२२ त्यासाठी आहे, आणि बजावणीचा खर्च न भरल्याने झालेलं खारीजही त्यात येतं. उशीर झाला तर कलम ५ चा अर्ज जोडा.

कोणत्या तरतुदीखाली अर्ज द्यायचा, यावर गोंधळ होतो. बजावणीचा खर्च न भरल्याने अपील खारीज करायचा आदेश ४१ मधला नियम १८ हा १९९९ च्या दुरुस्तीने गेला, आणि अपील पुन्हा दाखल करून घेण्याच्या नियम १९ मधला त्याचा उल्लेखही गेला. जुन्या नमुन्यांत तो अजून छापलेला सापडतो. खारीज तारखेला गैरहजर राहिल्याने झालं असेल तर नियम १९ पुरतो; सशर्त आदेशाने झालं असेल तर कलम १४८ आणि १५१ खाली मुदत वाढवून आदेश मागे घ्यायची विनंती करा. त्याच अर्जासोबत प्रोसेस फी, प्रती आणि योग्य पत्ता दाखल करा. अर्ज मंजूर झाला तर उद्याच नोटीस निघू शकते हे कोर्टाला दिसू द्या.

नियम १९ खालचा अर्ज नामंजूर झाला तर आदेश ४३ नियम १ मधल्या, अपील पुन्हा दाखल करून घ्यायला नकार देणाऱ्या आदेशाच्या स्वतंत्र खंडाखाली अपील करता येतं. नमुना उतरवताना खंड तपासून घ्या.

मी उत्तरवादी आहे. समोरचा वर्षभर मुदतच घेत आहे.

नोटिशीची वाट पाहू नका. वकीलपत्र दाखल करून स्वतःहून हजर व्हा. बजावणीचा प्रश्न तिथेच संपतो आणि समोरच्याची स्थगिती वाढवायला तुम्ही हरकत घेऊ शकता. तुम्हालाही हुकूमनाम्याच्या काही भागाविरुद्ध म्हणायचं असेल तर आदेश ४१ नियम २२ खाली उलट हरकती नोटीस बजावल्यापासून एक महिन्यात द्यायच्या असतात, तेव्हा हजर झाल्याची तारीख लिहून ठेवा. इतर उत्तरवादींचे पत्ते तुम्हाला माहीत असतील तर ते पुरशिसने (लेखी टिपणाने) कोर्टाला द्या. अपील लांबवण्याचा हेतू असेल तर त्याच्याकडे मग सबब उरत नाही.

प्रोसेस फी, टपाल, जाहीर नोटीस, एवढा खर्च झेपत नाही.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ खाली स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळतं. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. त्यात वकिलासोबत प्रोसेस फीसारखा खर्चही येतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते. अर्ज बजावणीच्या टप्प्यावरही करता येतो. तो करून ठेवला असेल तर मुदतवाढीच्या अर्जाला त्याची पोच जोडा.

माझ्या अपिलात काय चाललं आहे, हे वकिलांना न विचारता कसं कळेल?

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा अॅपवर सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टाका. पुढची तारीख, कोणत्या टप्प्यावर अपील आहे, आणि बऱ्याच प्रकरणांत रोजचा आदेश तिथे दिसतो. उच्च न्यायालयातल्या अपिलासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर खंडपीठ निवडून शोधा. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आहे, त्यामुळे तिथल्या पक्षकारांनी आपलं अपील मुंबईच्या यादीत आहे की कोल्हापूरच्या, हे आधी बघावं. आदेशात "खारीज समजले जाईल" हे शब्द दिसले तर त्याच दिवशी वकिलांना फोन करा.